साहेबांचा गुण्या

साहेबांजवळ एक एप्रन होता. कोकराच्या पांढऱ्या कातड्याचा, निळ्या रेशमी काठाचा. नांदेडच्या बंगल्यातल्या शिसवी पेटीतून ते तो दोन्ही तळहातांवर झेलून बाहेर काढत, तेव्हा लवंगांचा आणि डांबरगोळ्यांचा वास खोलीभर पसरे. हा गवंड्यांचा एप्रन, असं ते अभिमानानं सांगत. चाळीस वर्षांत त्यावर सिमेंटचा एक शिंतोडाही उडालेला नव्हता.

साहेब माजी मंत्री होते आणि हैदराबादच्या एका लॉजमधले, म्हणजे शाखेतले, फ्रीमेसन: गवंड्यांची हत्यारं खूण म्हणून मिरवणाऱ्या, एकमेकांना भाऊ मानणाऱ्या एका जुन्या गुप्त मंडळाचे सभासद. पहिली गोष्ट सगळ्या मराठवाड्याला ठाऊक होती, दुसरी फार थोड्यांना. कोटावर मात्र एक चांदीची पिन कायम असे: कंपास आणि गवंड्याचा काटकोन, ज्याला आपल्याकडे गुण्या म्हणतात. मी मराठी शिकवणारी, कविता लिहिणारी. चरित्र लिहिण्यासाठी त्यांनी मला बोलावलं, त्या पहिल्याच दुपारी म्हणाले, "आमच्या लॉजमध्ये राजा आणि शिपाई एका पातळीवर बसतात, बाई."

"मग मीही येऊन बसू?"

"स्त्रियांना नाही," ते म्हणाले आणि असे गोड हसले, की नकार मिळाला हे मला घरी गेल्यावर कळलं.

ते हसणं, तो आवाज! खर्जातला, कधीही न चढणारा. मी माझी कविता वाचत असले की ते डोळे मिटून ऐकत आणि नेमक्या सैल शब्दावर बोट उचलत. "माणूस म्हणजे अनघड दगड. आयुष्यभर तासत राहायचं," हे त्यांचं आवडतं वाक्य. माझ्या ओळींतला फापटपसारा त्यांनीच तासला, हे मी नाकारत नाही. आज ते आठवलं, की तोंडात खवट बदाम आल्यासारखं होतं.

त्याच काळात शिरूर अनंतपाळजवळच्या एका खेड्यात साहेबांच्या निधीतून शाळा बांधली जात होती. ठेकेदार त्यांचा पुतण्या, गवंडी पिराजी. साहेब पाहणीला गेले, तेव्हा वही घेऊन मीही गेले. वैशाखातल्या उन्हात ओल्या सिमेंटचा कडवट वास नाकाला झोंबत होता. पिराजीनं वाळू मुठीत दाबून साहेबांसमोर धरली. तिचा गोळा झाला.

"साहेब, निस्ती माती हाय ही. भिंत न्हाई धरायची."

"उद्घाटनाची तारीख ठरली आहे, पिराजी. तुम्ही भिंत उभी करा. जबाबदारी माझी."

मी शब्दन् शब्द टिपून घेतला. तेव्हा मला ते वाक्य करारी वाटलं होतं.

आम्ही परतायला निघालो, तेव्हा पिराजीचं लक्ष साहेबांच्या पिनेकडे गेलं. "ह्यो तर आमचा गुण्या हाय!" तो लहान मुलासारखा आनंदला. साहेबांचे ड्रायव्हर गफूरभाई मिश्कीलपणे म्हणाले, "हाव. ही निशाणी ज्याच्याजवळ, तो साहेबांचा भाऊ. भाऊ अडला तर नाही म्हणायचं नाही, असा त्यांचा कायदा आहे."

गफूरभाईंनी थट्टा केली होती. पिराजीनं ती मनात जपून ठेवली.

दिवाळीच्या सुट्टीत ती भिंत कोसळली. शाळा बंद होती. पण भिंतीच्या कडेला धान्य निवडत बसलेल्या एका बाईचा पाय गेला. पुतण्यानं सांगितलं, गवंड्यानं काम बिघडवलं. गुन्हा पिराजीवर दाखल झाला.

जामीन मिळताच तो नांदेडला आला. अंगात धुतलेला सदरा, आणि हातात त्याचा स्वतःचा लोखंडी गुण्या, राखेनं घासून लख्ख केलेला. पाहुण्यांसमोर मांडतात तशा अदबीनं त्यानं तो साहेबांच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर ठेवला.

"भाऊ," तो म्हणाला. साहेब नाही, भाऊ. "म्या अडलोय. तुमी त्या दिशी काय म्हणलाव, तेवढंच कोर्टात सांगा."

साहेबांनी पिनेवरून अंगठा फिरवला. आवाज नेहमीसारखाच, मध लावलेला.

"पिराजी, आमच्याकडे ते प्रतीक आहे. ज्यांच्या हातात खरी हत्यारं असतात, त्यांच्यासाठी ते नसतं."

पिराजीनं गुण्या उचलून काखेत घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "म्याडम, तुमी तर लिवून घेत हुत्या."

तो गेल्यावर साहेबांनी टेबलक्लॉथ बदलायला सांगितला. मग माझ्या कपात स्वतः चहा ओतत म्हणाले, "त्या दिवसाचं पान तेवढं गाळा, बाई. चरित्रात धूळ नको."

मी मान हलवली. तो वेलदोड्याचा चहा मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. साहेबांची किळस पुष्कळांना आली असेल. माझ्या किळसेत तो चहाही आहे.

आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. वर्गात कविता शिकवताना माझाच स्वर मला साहेबांसारखा वाटू लागला: मऊ, घोटीव, कुणालाही कुठेही न टोचणारा. नवव्या दिवशी मी लातूरला जाऊन वही पिराजीच्या वकिलाच्या हाती दिली. पुढे साक्षही दिली. ते पान मी कोर्टात मोठ्यानं वाचलं, वाळूच्या गोळ्यासकट. पुतण्यावर आरोप ठेवले गेले आणि पिराजी सुटला. बाहेर पायरीवर तो एवढंच म्हणाला, "लई उशीर केलाव, म्याडम." त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

साहेब यंदा गेले. चौकाचौकांत फलक लागले, 'दीनांचे बंधू' अशा अक्षरांचे. मी अंत्यदर्शनाला गेले नाही. आमचं शेवटचं बोलणं साक्षीच्या संध्याकाळीच झालं होतं, फोनवर. शिव्या येतील अशी माझी तयारी होती. पलीकडून तोच खर्ज आला, जराही न चढलेला.

"शेवटी लिहिलंत की माझं चरित्र, बाई. एका पानाचं."

फोन बंद झाला. आणि त्या क्षणी, पिराजी नाही, त्या बाईचा पाय नाही, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की वाक्य चांगलं तासलेलं आहे.