देवीपुढचं वाण

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच तुम्हाला सांगता येतंय. घरात हे कुणालाच ठाऊक नाही — नवऱ्याला नाही, आई होती तोवर तिलाही सांगितलं नाही, आणि पुसदच्या आमच्या धावणाऱ्या बायकांच्या गटात तर कुणाच्या स्वप्नातही यायचं नाही. आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तिच्या ताटाला ताट लावून मी रोज जेवते.

एक आधीच सांगून टाकते. मी दुःखी वगैरे बाई नाही. नवऱ्याचं कृषी केंद्र बरं चालतं, तूर यंदा चांगली भरली आहे, गुडघा सोडला तर तब्येत ठणठणीत. पहाटे धरणाच्या रस्त्यावर धावून आलं की चहा असा लागतो की विचारू नका. झोपही छान लागते मला. खोटं बोलणाऱ्याला झोप लागत नाही म्हणतात — कुणी सांगितलं? मला तर लागते.

मग हे आत्ताच कशाला? तर यंदा एक गोष्ट घडली. ती येईलच पुढे. पण आधी वैशाली.

वैशाली माझी धाकटी जाऊ. लग्न होऊन आली तेव्हा बी.एस्सी. झालेली, स्कूटी चालवणारी, बँकेची कामं एकटीने करून येणारी. आमच्या सासूबाईंनी मला सुरुवातीची कितीतरी वर्षं ‘अव’ याशिवाय हाक मारली नव्हती. हिचं मात्र आल्या-गेल्याला कौतुक. मला राग यायचा का? तेव्हा विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं. आमचं भांडण कधी झालं नाही. भाकरी मी थापायची, भाजी तिने टाकायची, दोघींनी मिळून सासूबाईंची नक्कल करायची. हसत-खेळत चाललं होतं. पण मनात कुठेतरी मापं काढणं चालूच असायचं — तिला काय, मला काय.

धावायचं खूळही तिचंच. कोकणातल्या एका समुद्रकाठच्या गावात दर जानेवारीत, संक्रांतीच्या थोडं आधी, हाफ मॅरेथॉन होते असं तिने फोनवर पाहिलं आणि माझ्या मागे लागली. एकवीस किलोमीटर धावायचं असतं हे मी नीट ऐकलंच नाही. समुद्र तेवढा ऐकला. दोघींनीही तो तोवर पाहिला नव्हता.

झालं, धरणाच्या रस्त्यावर आमचा सराव सुरू झाला. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला आवळलेली, पायात पुतण्याच्या शाळेच्या बुटांसारखे पांढरे बूट. सासूबाई दारात उभ्या राहून विचारायच्या, “मांगं कुत्रं लागलं का तुमच्या? कायले पयता व?” आम्ही हसून लोटपोट व्हायचो. धावताना मात्र वैशाली नेहमी पुढे. वळणावर कमरेवर हात ठेवून माझी वाट बघत थांबायची, आणि मी धापा टाकत पोचले की हसायची. त्या हसण्यात काही नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हा त्यात मला खूप काही दिसायचं.

आता पाण्याचं सांगते. आमच्याकडे बाया घराबाहेर निघण्याआधी पाणी पीत नाहीत. शेतात निंदायला जायचं असो, बसने महागावला माहेरी जायचं असो — घोटभरही नाही. का, ते कुठल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी मी मोठेपणाने तिला तेच सांगितलं, की आतापासूनच पाणी बंद कर, अनोळखी गावात रस्त्यावर कुठे बसशील? तिने ऐकलं. विज्ञान शिकलेली मुलगी, पण माझं ऐकलं. जानेवारीत आमच्याकडे घाम अंगावर दिसतही नाही, आला तसा वाळतो. तिथे नुसतं उभं राहिलं तरी कपडे चिंब. आम्हाला काय माहीत?

पाण्याचं पहिलं टेबल आलं तेव्हा मला राहवलं नाही. मी थांबून पोटभर प्यायले. वैशाली पुढे होती, तिला दिसलं नाही. नंतर तिला गाठलं तेव्हा सांगावंसं वाटलं — अगं, पी, काही होत नाही. सांगितलं नाही. पण मी ज्याबद्दल बोलतेय ते हे नव्हे. हे बारीक आहे. मी अजून आडवळणाने जातेय, तुमच्या लक्षात आलंच असेल.

रस्ता समुद्राला लागला. डाव्या हाताला पाणी, उजवीकडे वाळत घातलेली मासळी. ज्याच्यासाठी एवढा प्रवास करून गेले तो समुद्र शेजारी होता आणि मी खाली मान घालून धावत होते. वैशाली पुन्हा पुढे निघून गेली होती. मग एका वळणाआधी दगडी कठड्यावर ती बसलेली दिसली. दोन्ही पोटऱ्या धरलेल्या, ओठ पांढरेफटक, डोळ्यांत भीती. उभीच राहता येईना तिला.

मी वाकले, तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, “बस इथंच. समोर सांगते मी, गाडी येईन तुले घ्याले.”

ती म्हणाली, “तुमी जा ताई. माह्यापायी तुमचं राहून जाईन.”

मी गेले. वळण संपलं तिथेच पाण्याचं टेबल होतं. टेबलामागे नारिंगी टी-शर्ट घातलेल्या मुली होत्या, आणि त्यांच्यामागे झाडाखाली रुग्णवाहिका उभी होती. दार उघडं, चालक आत बसून केळं खात होता. मुलींनी टाळ्या वाजवल्या, “काकू, मस्त!” म्हणाल्या. मी हसले — आणि पुढे निघाले.

स्वतःला मी पुष्कळ काही सांगून पाहिलं आहे. की दम लागला होता, शब्द फुटत नव्हता. की विसरले. की मागून येणारी कुणीतरी सांगेलच. यातलं एकही खरं नाही. गाडी मला दिसली होती. केळं दिसलं होतं. फक्त तोंड उघडायचं होतं.

का नाही उघडलं? थांबले असते तर त्यांनी म्हटलं असतं, चला, कुठे आहे ते दाखवा. मग वेळेत पोचणं राहिलं असतं, पदक गेलं असतं. हे अर्धं झालं. उरलेलं अर्धं सांगायला मला इतकी वर्षं लागली. त्या कठड्यापासून पुढे माझे पाय हलके झाले होते. मला आनंद झाला होता. ती बसली आणि मी धावतेय — एवढंच डोक्यात होतं, आणि ते इतकं गोड वाटत होतं की थांबवेना. त्या दिवशीइतकी मी आयुष्यात कधी चांगली धावले नाही.

पदक गळ्यात पडलं. नवरे मंडळी लॉजवर झोपा काढून, नाश्ता करून निवांत आली. वैशाली कुठे आहे, असं दिराने विचारलं. येतेय मागून, म्हणाले मी. ते सहज म्हणाले, मीही सहज म्हणाले.

सगळे धावणारे येऊन गेल्यावर शेवटी, रस्ता आवरत येणारी गाडी आली, तिच्यातून वैशाली उतरली. ती गाडी कुणी सांगो न सांगो, शेवटच्या माणसामागून येतेच. वैशालीला ते कुठून माहीत असणार? मासळी वाळत घालणाऱ्या एका बाईने आपल्या बाटलीतलं पाणी तिला पाजलं होतं, पोटऱ्या चोळून दिल्या होत्या. त्या बाईने आधी वैशालीला लांबूनच विचारलं होतं म्हणे, पण गाडी येतेय असं वैशालीनेच तिला सांगितलं होतं. मग त्या बाईची सगळी टोपली वाळत घालून झाली तरी गाडी नाही, तेव्हा ती तिच्याजवळ येऊन बसली. आणि हे सगळं सांगता सांगता वैशाली माझ्या गळ्यात पडून रडली. दिराला म्हणाली, “ताईनं गाडी धाडली म्हणून. नाहीतर मी तिथंच पडली असती.”

तेव्हा बोलता आलं असतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी दिराला म्हटलं, तिला आधी नारळपाणी आणून द्या.

घरी आलो तर संक्रांत. आमच्या घरची रीत अशी की हळदीकुंकवाला पहिलं वाण देवीपुढे ठेवायचं, मग बायकांना लुटायचं. त्या वर्षी वाण म्हणून आम्ही कोकणातून कोकमाची पाकिटं आणली होती. भरल्या बैठकीत वैशालीने देवीपुढचं पाकीट उचललं आणि माझ्या पदरात घातलं. का, ते सगळ्यांना सांगितलं. सासूबाईंनी मला पहिल्यांदा नावाने हाक मारली ती त्या दिवशी.

तेव्हापासून दर वर्षी हेच. आता आम्ही बऱ्याच जणी जातो, सकाळी भरपूर पाणी पिऊन. वैशाली दर वर्षी पूर्ण करते, माझ्या कितीतरी आधी. जाताना त्या कठड्याला हात लावते. नव्या बाईला तिचा एकच नियम असतो — कुणी बसलेलं दिसलं, की पुढे जी पहिली गाडी दिसेल तिला सांगायचं, ताईंनी सांगितलं तसं. आणि बायका सांगतातही. मी ऐकत उभी असते. सवय झाली आहे.

यंदा वैशालीची मुलगी तन्वी पहिल्यांदा धावली. नुकती कॉलेजला गेली आहे, पाय आईसारखे. निघताना वैशालीने तिला माझ्या हवाली केलं. म्हणाली, “मोठीआईसंगं राह्य. ते कोणाले सोडून जात नाही.”

माझा गुडघा समुद्राच्या रस्त्यावर बोलायला लागला आणि त्या कठड्यापाशी पार बसला. मीही बसले, तिथेच. तन्वी जाईना. मीच तिला दटावून पाठवलं. गाडी पाठवते म्हणाली आणि वळणाआड गेली. मला वाटलं, चला, आता निवांत समुद्र बघू. एक बूट काढला. दुसऱ्याची नाडी सोडायला हात घातला —

गाडी आली.

नाडी सुटलीही नव्हती. चालक म्हणाला, एक पोरगी आडवीच आली समोर, हातातला चहासुद्धा ठेवू दिला नाही तिने. मी गाडीत बसले. एक पाय अनवाणी. खिडकीतून वारा छान येत होता, समुद्र उन्हात चमकत होता, आणि एका बाईला टोपलीभर मासळी वाळत घालायला किती वेळ लागत असेल, याचा मी हिशेब करत होते. इतकी वर्षं मला वाटत होतं की गाडी यायला वेळ लागला असता. तो वळणाएवढा होता. बस.

परवा संक्रांत झाली. बैठक भरली होती. वैशालीने देवीपुढचं वाण उचललं, तीच गोष्ट सांगितली, आणि या वेळी शेवटी तन्वीला जवळ ओढून म्हणाली, “माही पोरगी ताईचंच पाहून शिकली.”

सगळ्या हसल्या. तन्वी लाजली. मी पदर पुढे केला आणि घेतलं.