उलटा लावलेला कूलर

आई धुळीनं गेली नाही.

हे आधीच लिहून टाकते. कारण आमचे बाबा वर्षभर तेच मनात धरून बसलेत. आणि ते फेसबुकवर असतात, वाचतील.

आज आईचं वर्षश्राद्ध. मी कालच अमरावतीहून अकोल्याला आले, जठारपेठेतल्या आमच्या घरी.

घर इतकं स्वच्छ आहे की मला करमत नाहीये.

बाबा रिटायर झाले आणि त्यांना सुतारकामाचं वेड लागलं. मागच्या टिनाच्या शेडमध्ये करवत मशीन आली, लाकूड घासायचा सँडर आला, सागाच्या फळ्या आल्या. पाट, चौरंग, देव्हारे. घरी आलेल्या माणसाला पाट घेतल्याशिवाय सोडायचेच नाहीत, त्याला हवा असो की नसो.

आणि आईला दमा.

अकोल्याच्या माणसाला उन्हाळ्यात कुठल्याही प्रॉब्लेमवर एकच सोल्युशन सुचतं. कूलर. बाबांनी तो शेडच्या खिडकीत बसवला, सगळे बसवतात तसाच, तोंड आत.

बाबा गारेगार. आणि मशीनचा सगळा भुसा त्या वाऱ्यावर उडून शेडच्या दारातून सरळ स्वयंपाकघरात. वरणावर भुसा, देवांवर भुसा, आईच्या छातीत भुसा.

एक दिवस आईला इतका दम लागला की पंप ओढूनही बोलता येईना. बोलता आलं तेव्हा म्हणाली,

"आता सांगा. या घरात थे लाकूड राहीन, नाही तं मी."

बाबांनी त्याच दिवशी शेडला कुलूप लावलं.

आणि मग नुसते बसून राहायला लागले. पेपर हातात, लक्ष कुठेच नाही. जेवायला बोलावलं की यायचे, नाही बोलावलं की नाही.

हे आईलाच सहन होईना.

"असे काहून बसून राहता दिवसभर? तुमचं थोबाड पाहून मायी भूक मेली बाप्पा. उठा, काढू काईतरी रस्ता."

नाकाला पदर लावून ती शेडमध्ये उभी राहिली. आईचं माहेर वलगावचं, घरी भाजीपाला आणि थोडीशी तूर. खिडकीकडे पाहून म्हणाली,

"आवो, तूर उपनतानी कोनी वाऱ्याकडं तोंड करून उभं राहते काय? सारा भुसा आंगावर येते. फिरवा थो कूलर. वारा बाहीर जाऊ द्या."

"कूलर उलटा लावू? लोक हासतीन."

"हासू द्या. त्याइच्या छातीत भुसा जाऊन राह्यला काय?"

लावला उलटा. तोंड गल्लीकडे, वाळ्याच्या, पाणी झिरपणाऱ्या ताट्या आत. आता तो शेडमधली हवा ओढायचा, धूळ ओल्या ताट्यांना चिकटायची आणि बाहेरून जाणाऱ्याला फुकटात गार वारा.

लवकरच ताट्यांचा चिखल झाला. टाकीत सागाची खीर.

"हे आता कोन खाईन?" आई.

तेव्हा कुठे दोघांच्या लक्षात आलं. धूळ खोलीभर उडाल्यावर तिच्यामागं धावण्यात अर्थ नाही, ती उडायच्या आधीच धरायला पाहिजे. मग करवतीच्या पात्याखाली पाइप बसवला. पाइप एका झाकणाच्या ड्रममध्ये, ड्रमला व्हॅक्यूम. जाड भुसा ड्रममध्ये गोल फिरून खाली बसायचा. चुकूनमाकून बारीक काही सुटलंच, तर ते कूलर बघून घ्यायचा.

मला सगळ्यात जास्त आठवते ती त्यांची टेस्ट.

काम संपलं की दार-खिडकी लावून अंधार करायचा आणि टॉर्च लावायचा. उजेडाच्या त्या पट्ट्यात जे तरंगताना दिसेल ती उरलेली धूळ. दोघं स्टुलांवर बसून वर बघत राहायचे.

"बसली काय?"

"हाये अजून थोडी. थे पाहा, वर चालली."

"चांगली दिसते नाही?"

"दिसते. पन छातीत नको."

मी एकदा दार उघडलं तर दोघंही माझ्यावर ओरडले. हवा हलली म्हणून! मग मीही आत जाऊन बसले. ओल्या वाळ्याचा वास, सागाचा वास, आणि ते सोनेरी कण हळूहळू खाली येत होते. मला तिथून उठावंसंच वाटलं नाही.

हळूहळू उजेडाचा पट्टा रिकामा दिसायला लागला. आईचा दमा आटोक्यात आला. ती मास्क लावून शेडमध्येच मेथी निवडत बसायची. फोन केला की मागून कूलरची घरघर, आणि मला तिकडे अमरावतीत झोप यायची. खरंच सांगते.

मागच्या वर्षी दवाखान्यात आईचं हृदय थांबलं. हृदय. डॉक्टरांनी बाबांसमोर सांगितलं, फुप्फुसांचा काही संबंध नाही.

तेरावं झालं आणि बाबांनी शेडला पुन्हा कुलूप लावलं.

आज दुपारी जेवणं झाली, सगळे आडवे झाले. बाबा माझ्याजवळ येऊन बसले.

"खरं सांग बेटा. मायाच भुशानं गेली ना तुयी आई?"

मला रागच आला. आणि रडूही.

म्हटलं, बाबा, मी तुम्हाला तेव्हाही सांगितलं होतं, पण तुम्ही ऐकायच्या स्थितीत नव्हतात. आता ऐका. दवाखान्यात तुम्ही चहाला गेलात, शेडमध्ये गळ्यात असायचा तो तुमचा दुपट्टा पलंगावर राहिला होता. तिनं तो उचलून तोंडावर घेतला. मी घाबरले, म्हटलं, अगं दम लागेल. तर म्हणाली,

"राहू दे व. सागाचा वास येऊन राह्यला. घरी असल्यावानी वाटते."

आणि खोल श्वास घेतला, बाबा. पोटभर. एकदाही खोकली नाही.

बाबा उठले आणि शेडकडे गेले.

आता मी हे लिहितेय आणि मागं करवत चालू आहे. लाकूड कापल्याचा आवाज नाही, नुसतीच चालू आहे. बाबा मोठमोठ्यानं रडताहेत. त्यांना वाटतं, मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही.

मी पाहुण्यांना सांगितलंय, तिकडे कुणी जायचं नाही.

आई, तुला आम्हा दोघांचा नमस्कार.

निवांत श्वास घे.