तोंडावर हात ठेवून दिलेली चाचणी

"खुर्चीवर बस. आज नमुना म्हणून तूच."

मॅडमनी हे सांगितलं तेव्हा माझ्या हातात चहाच्या कपांचा ट्रे होता. तो कुठे ठेवावा कळेना. पहिल्या रांगेतल्या एका शिक्षिकेने घेतला. मी बसले.

कुंभिवलीजवळ, हायवेला लागून असलेल्या एका रिसॉर्टचं सभागृह. कर्जत-खालापूरच्या शिक्षकांसाठी कार्यशाळा होती. विषय, मानसशास्त्रीय चाचण्यांची ओळख. घेणाऱ्या मॅडम मुंबईच्या मानसशास्त्रज्ञ. मी त्यांच्या संस्थेत कंत्राटावर. काम दुभाष्याचं. वाड्यांवरच्या मुलांना चाचणीतले प्रश्न त्यांच्या बोलीत सांगायचे. मी स्वतः कर्जतच्या डोंगराखालच्या ठाकर आदिवासींच्या वाडीतली. बी.ए. झालेली.

सकाळच्या सत्रात मॅडमनी चाचणी म्हणजे काय ते सांगितलं होतं. सगळ्यांना तोच प्रश्न, त्याच शब्दांत, तेवढाच वेळ. मिळालेले गुण त्या वयाच्या मुलांच्या सरासरीशी ताडून बघायचे. "चाचणी म्हणजे थर्मामीटर," त्या म्हणाल्या. "माणूस कुठला आहे हे थर्मामीटर विचारत नाही." बऱ्याच जणांनी हे लिहून घेतलं.

आता त्यांनी माझ्यासमोर एक चित्र धरलं. टेबल. त्यावर बशी, सुरी, चमचा, घडी घातलेला रुमाल. दुसऱ्या हातात स्टॉपवॉच.

"यात काय राहिलंय?"

"पाणी," मी म्हणाले.

सभागृह हसलं. मागून एक आवाज आला, "तिलाच तहान लागली असंल. द्या रं कोनीतरी बाटली." पुन्हा हशा. मॅडमही हसल्या.

"काटा राहिलाय. काटा! पदवी घेऊन निरीक्षण असं. मग वाडीतल्या मुलांचं काय असेल, कल्पना करा."

आमच्याकडे ताट वाढायच्या आधी पाण्याचा तांब्या येतो. मी उठले आणि चहा वाटला. दुपारी वाढायलाही मीच होते. टेबलांवर काटे मांडलेले होते. हसणाऱ्यांपैकी एकानेही काटा उचलला नाही. सगळ्यांनी हाताने भात कालवला. मी आमटी वाढत होते आणि बघत होते.

त्यानंतर मला स्वस्थ बसवेना. घरात बसले की उठावंसं वाटे, उठले की कुठे जावं कळत नसे. पुढच्या दौऱ्यात, गाडीत, मी मॅडमना विचारलं.

"ती सरासरी कुठल्या मुलांवरून काढलीय?"

"शहरातल्या शाळांमधल्या. का गं?"

"वाडीतली मुलं त्यात नाहीत?"

"परवाचं मनाला लावून घेतलंस का? तू हुशार आहेस. वाडीत राहून एवढी शिकलीस." त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि फोन उघडला.

आम्ही कडावजवळच्या एका शाळेत चाललो होतो. तिथे जयश्रीची चाचणी होती. जयश्री माझ्याच वाडीतली, तिसरीतली मुलगी. ती वर्गात बोलत नाही, अशी गुरुजींची तक्रार. तिला मंद ठरवून मोकळे व्हायची त्यांना घाई होती. गुण रेषेखाली गेले की तिचं नाव या शाळेतून कमी होणार होतं. तिला पनवेलकडे, विशेष मुलांच्या निवासी शाळेत पाठवणार होते. तिची बोली बोलणारं तिथे कोणी नव्हतं.

चाचणीच्या वेळी घरचं माणूस जवळ हवं, असा मॅडमचा नियम. जयश्रीचे आईबाप माथेरानला हॉटेलात कामाला. सुट्टी मिळाली नाही. म्हणून तिचा आजा आला होता. धुतलेला सदरा घालून, तिच्या शेजारी, बाकावर.

पहिलं चित्र हरणाचं. मॅडमनी विचारलं, मी बोलीत सांगितलं. जयश्रीने आजाकडे बघितलं.

आजा म्हणाला, "भेकर हाय, बाई."

"आजोबा, तुम्हाला नाही विचारलं."

दुसरा प्रश्न. जयश्रीने परत आजाकडे बघितलं. आजाने परत उत्तर दिलं.

"आजोबा! परीक्षा हिची आहे."

"पोरीला विचारलं म्हंजी मलाच की," आजा समजावणीच्या सुरात म्हणाला. "मी बसलोय ना हितं."

आमच्या वाडीत ही रीत आहे. बाहेरचा माणूस लेकराला काही विचारतो तेव्हा शेजारी बसलेलं वडीलधारं आधी बोलतं. त्याचं बोलून झालं की लेकराचं तोंड उघडतं. आजा एकेक दार उघडून देत होता. जयश्री त्याच्या मागून येणारच होती. त्यासाठी थोडा वेळ हवा होता.

मॅडमकडे स्टॉपवॉच होतं. "आता एक शब्द बोलायचा नाही. तोंडावर हात ठेवा बरं."

आजाने तोंडावर हात ठेवला.

जयश्रीने त्याच्याकडे बघितलं आणि तिनेही तोंडावर हात ठेवला.

गुरुजी हसले. "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

"मॅडम, आजाला बोलू द्या," मी म्हणाले. "नाहीतर बाहेर बसवा. ती बोलेल."

"चाचणी मध्येच बदलता येत नाही. पुढचा प्रश्न सांग."

मी सांगितला. शून्य. त्याच्या पुढचा. शून्य. ठोकळे समोर ठेवले, तिने हात लावला नाही. मॅडम प्रत्येक वेळी शांतपणे घड्याळ बंद करत होत्या, पुन्हा सुरू करत होत्या. चाचणी संपली. आजाचा हात तोंडावरच होता. तो खाली घ्या, असं कोणीच म्हटलं नव्हतं. शेवटी मी जाऊन तो खाली घेतला.

अहवालात दुभाष्याची सही लागते. सहीच्या वर छापलेलं असतं, 'सूचना बालकाच्या बोलीत दिल्या. बालकास प्रतिसादाची पूर्ण संधी मिळाली.'

"सही कर, पुढची मुलं थांबलीत," मॅडम म्हणाल्या.

"करत नाही."

"का? सूचना तूच दिल्यास ना?"

"दिल्या. संधी मिळाली नाही."

"हे ठरवणारी तू कोण? त्या दिवशी चित्रात काटा नाही, हे दिसलं नव्हतं तुला."

"नव्हतं दिसलं. आजाचा हात दिसला."

मी पेन घेतलं. छापलेलं वाक्य खोडलं. खाली लिहिलं, 'मुलीच्या आजोबांना गप्प बसवलं, म्हणून मुलगी बोलली नाही. ही चाचणी ग्राह्य धरू नये.' त्याखाली सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं, पण वाचता येतं.

"हिचीपन एकदा घ्या टेस्ट," गुरुजी म्हणाले.

"माझी झालीय," मी म्हणाले.

परतीला मॅडमनी मला गाडीत घेतलं नाही. संध्याकाळी फोन आला, उद्यापासून येऊ नकोस. जयश्रीची फेरचाचणी होईल, दुसरा दुभाषी मिळाला की.

वाडीत आजा ओट्यावर बसला होता. मला बघून म्हणाला, "मी नाय येत गं परत. माझ्यापायी पोर नापास झाली."

अंगाचा तिळपापड झाला. शून्य तिला मिळालं होतं आणि दोष हा म्हातारा स्वतःकडे घेत होता. काटा चुकल्यावर मीही मान खाली घालून चहा वाटला होता.

"तू येशील आजा," मी म्हणाले. "आन् बोलशील. मी तुझ्या बाजूला बसंन."

"आन् त्या बाईनी परत गप बस म्हटलं तर?"

"तर आपन तिघं उठायचं. चाचणी तिथंच बंद."

ही चाचणी रद्द करा, असा अर्ज मी तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात दिला आहे. उत्तर नाही. काम गेलं, ते परत मिळणार नाही. गुरुजी रोज सांगतात, हिचं नाव निघणार आहे, कशाला आणतेस? मी रोज आणते. शाळा भरते तेव्हा जयश्री तिच्या बाकावर असते आणि मी दारात उभी असते. तिला तिथून उठवायला येणाऱ्याला आधी मला ओलांडावं लागेल. मी बाजूला होणार नाही.