साहेबासाठी सारवलेलं ठेसन

कोळशाच्या इंजिनाचं कौतुक कोणी सांगू लागलं का मले रागच येते. म्हणे काय धूर, काय शिट्टी! आमच्या ठेसनात बकऱ्या बसतात, त्यायचंही कौतुक करा म्हणावं.

आम्ही ढिवर. पहाटे बाप तलावातली मासोळी काढे आणि माय टोपलं घेऊन सकाळच्या गाडीनं चांद्याच्या बाजारात जाये. गाडी होती म्हणून मासोळी ताजी पोचे, आणि म्हणूनच आमची चूल पेटे. त्या ठेसनावर चढणाऱ्या मुख्य आम्ही ढिवरणीच.

एका उन्हाळ्यात दवंडी झाली, मोठा साहेब येऊन राह्यला, ठेसन ठेवायचं का बंद करायचं ते पाहाले. झालं! गावचा सारा वसूल करणारा मालगुजार कामाले लागला. त्याची मालगुजारी सरकारनं नुकतीच काढून घेतली होती, पण सुंभ जळला तरी पीळ कुठी जाते? फलाट सारवून घेतला तोही माझ्या मायच्याच हातून. वर तोरणं बांधली.

सारवून झाल्यावर तो मायले म्हणाला, "उद्या तुम्ही ढिवरणी कोणी इकडे फिरकू नोका. साहेबाले वास येईन."

"मालक, आम्ही नाई तर गाडीत चढन कोण?"

"तुले काय समजते? ठेसन कसं साफ दिसलं पाह्यजे!"

बाकी गावालेही त्यानं घरीच बसवलं. साहेब आला, हार घालून घेतला. इकडे पाह्यलं, तिकडे पाह्यलं. ना टोपलं, ना माणूस. गाडी रिकामीच सुटली. आम्ही दूर तलावाच्या पाळीवरून पाहत होतो. पावसाळ्याआधी ठेसन बंद! इथून कोणी बसतच नाई म्हणे. गाडी शिट्टी मारत तशीच पुढे जाऊ लागली.

माय पायी चांद्याले गेली. पोचेपर्यंत ऊन चढलं, मासोळी खराब झाली. बाजारातल्या बायांनी नाकाले पदर लावले. तिनं सारी नाल्यात ओतली. असं दोन-तीनदा झालं, मग टोपलं आढ्याले टांगलं आणि आम्ही मायलेकी मालगुजाराच्याच बांधीत धान रोवाले जाऊ लागलो.

एक दिवस तो छत्री घेऊन बांधीच्या धुऱ्यावर उभा राह्यला. "पाहा," म्हणाला, "रेल्वेवाल्यायनं आपल्या गावाचं कसं वाटोळं केलं!"

माझ्या तोंडात शिवी आली होती. मायनं वाकल्या वाकल्या चिखलात माझा पाय घट्ट दाबला.

"हो मालक," ती म्हणाली.