आईनंतर आज पहिल्यांदा

मंडळी, आज दुपारी विद्यापीठाच्या लॅबमध्ये माझ्या वर्गातल्या पोरांनी स्वतः जोडलेलं यंत्र पहिल्यांदा चालवलं. पापणीच्या आत उजेड टाकून अंगात रक्त कमी आहे का, ते सांगणारं.

तपासायला मीच स्टुलावर बसलो. एका विद्यार्थिनीने माझी पापणी खाली ओढली. "सर, वर बघा."

आणि मी थेट एकोणीसशे नव्वदच्या आसपासच्या आमच्या गावी, बाजारहत्नूरला! कापूस वेचून खरखरीत झालेल्या अंगठ्याने आई उन्हात अशीच पापणी ओढायची. "वर पाह्य ना! खाली काऊन पाहून राह्यला?" पापणी आतून फिकी दिसली, की हातावर गूळ-शेंगदाणे.

"सर, कमी दाखवतंय. यंत्र चुकलं का?"

यंत्र कशाला चुकेल? आई गेल्यापासून कोणी बघितलंच नव्हतं.

तुमची पापणी ओढून शेवटचं कोणी पाहिलं होतं?