मावशीच्या गाडीचा पिवळा दिवा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी मावशीचं नाव घेतो. मालवणच्या बाजारात मासे विकणारी ही बाई नसती, तर आमच्या घरात अजून कोणी पदवीधर झालं नसतं. विजयदुर्गाजवळच्या आमच्या वाडीत शाळा दहावीपर्यंतच. निकालानंतर वडील मला होडीवर घेणार होते, आणि त्यात त्यांचं काही चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. पण मावशी आली, माझी पेटी तिने स्वतः उचलली आणि म्हणाली, "ह्येका मी नेतंय. शिकता तवसर ऱ्हवांदे माज्याकडे." तिच्या घरी राहून मी बारावी झालो, पुढे वीजशाखेचा इंजिनिअर झालो. आता कोल्हापूरजवळच्या एका कारखान्यात नोकरी करतो.

गेल्या वर्षी गणपतीनंतर तिचा फोन आला. आवाज पडलेला होता, आणि मावशीचा आवाज सहसा पडत नाही.

"तुज्या काकान गाडी इकूक काढल्यान. रविवारी गिराइक येतला."

काका म्हणजे तिचे यजमान. गाडी म्हणजे एका हॉटेलवाल्याने वापरून काढलेली जुनी सात माणसांची गाडी. मागच्या सीटा काढून मावशीने तिथे माशांच्या पाट्या ठेवायची सोय केली होती. पन्नाशी उलटल्यावर ती गाडी चालवायला शिकली. त्याआधी तिची सकाळ टेम्पोवाल्याच्या हातात असे. तो आला तर ती कसालला, कणकवलीला मासे ताजे असताना पोचायची. नाही आला तर बर्फ वितळेपर्यंत रस्त्यावर उभी. गाडी गेली की पुन्हा तेच. ते तिला नको होतं, आणि मलाही.

विकायचं कारण एबीएस. ब्रेक जोरात दाबला तर चाक जागच्या जागी आवळून गाडी घसरू नये, म्हणून ही यंत्रणा असते. चाक आवळतंय असं वाटलं की ती क्षणभर ब्रेक सोडते आणि परत धरते. हॉटेलवाल्याने हौसेने सगळ्यात महागडं मॉडेल घेतलेलं, म्हणून त्या वेळच्या गाडीतही ती होती. आता तीच बिघडली होती.

"काय होता नेमका?" मी विचारलं.

"ब्रेक दाबलंय की पायाखाली टरटर करता. बेडूक चेपल्यासारखा लागता. आणि गाडी थांबाची ती म्होरं सरता. मगे तो पिवळो दिवो पेटता. शिरा पडो त्येच्यार."

"जोरात असताना होता?"

"नाय रे. थांबूक येता तेवा. मनुष्य चालता तितक्या वेगार."

हे ऐकून मला जरा बरं वाटलं. दोष कुठे शोधायचा ते तिने अर्धं सांगून टाकलं होतं. बाकीची हकीकत काकांनी फोन ओढून घेऊन सांगितली. बाजाराच्या उतारावर गाडी थांबता थांबता पुढे गेली आणि शहाळेवाल्याच्या ढिगाला लागली. शहाळी उतारावरून धावत सुटली, त्यांच्यामागे शहाळेवाला, त्याच्यामागे मावशी. "अख्खो बाजार हसलो," काका म्हणाले. "उद्या शहाळ्याच्या जाग्यार मनुष्य आसलो तर? माका गाडी नको." एका गॅरेजवाल्याने एबीएसचा सगळा ठोकळाच बदलायला सांगितला होता. दुसरा म्हणाला, फ्यूज काढून टाका, दिव्याकडे बघू नका. लाल मातीच्या ओल्या रस्त्यावर मावशीने एबीएसशिवाय गाडी चालवावी, हे मला पटेना.

"रविवारापर्यंत गाडी इकू नको," मी मावशीला सांगितलं. "मी येतंय."

शनिवारी सकाळी एसटीतून उतरून घरी पोचलो तर काका ओट्यावर बसलेले.

"इंजिनेर इलो. गो, च्याय ठेय. आता ह्यो दिसभर वायरी मोजतलो."

चहा घेऊन मी खरंच वायरी मोजायला बसलो. आधी सोप्या गोष्टी पाहिल्या. ब्रेकचं तेल पातळीला होतं, फ्यूज शाबूत होता. फोनला जोडायचं एक छोटं यंत्र मी बरोबर आणलं होतं. ते इंजिनाची सगळी खबर देत होतं, पण एबीएसचं नाव काढत नव्हतं. अशी स्वस्त यंत्रं बहुतेक इंजिनापुरतीच असतात. मग मी वीज मोजायचा मीटर काढला.

प्रत्येक चाकापाशी बोटाएवढा एक सेन्सर असतो. त्याच्या टोकाला लोहचुंबक. चाकाबरोबर दात्यांची एक लोखंडी कडी फिरते, आणि दाते समोरून गेले की सेन्सरमध्ये थोडीशी वीज तयार होते. त्यावरून गाडीला चाकाचा वेग कळतो. मला चारही चाकांची वीज मोजून एकमेकांशी ताडून बघायची होती. त्यासाठी गाडी जॅकवर उचलून चाक हाताने फिरवायला कोणीतरी हवं होतं. मावशी चुलीपाशी होती. उरले काका.

"इकूच्या गाडयेचा चाक मी कित्याक फिरवू?" असं म्हणत ते उठले, आणि रहाट ओढावा तसं चाक फिरवू लागले. पुढचं डावं चाक फिरलं की मीटरवर आकडा चांगला चढत होता. मागची दोन्हीही ठीक. पुढचं उजवं फिरवलं तर आकडा जेमतेम हलला.

"जोरान फिरवा, काका."

"हेच्यापेक्षा जोरान फिरवलंय तर मीच उडान जायन."

वायर हलवून पाहिली, तुटलेली नव्हती. सेन्सरच्या आतली तारही मीटरवर डाव्या बाजूइतकीच भरली. म्हणजे सेन्सर जिवंत होता, पण त्याला दाते नीट दिसत नव्हते. गाडी हळू झाली की आधीच कमी असलेली वीज संपून जायची. गाडीला वाटायचं, हे चाक आवळलं. मग एबीएस घाईघाईने ब्रेक सोडायचं. मावशीच्या पायाखालचा बेडूक तो हाच.

सेन्सरचा बोल्ट गंजून बसला होता. गंज सोडवायचा फवारा मारून, जेवून येऊन, परत फवारा मारून तो सुटला. सेन्सर बाहेर काढला आणि मावशीला हाक मारली. टोकाला काळ्या वाळूचा दाट झुबका चिकटला होता. आमच्या किनाऱ्यावर भरतीच्या रेषेला काळ्या वाळूचे पट्टे दिसतात. त्यातल्या लोखंडी कणांना चुंबक सोडत नाही.

"अगो बाय," मावशी म्हणाली, "ह्येका तर मिशे फुटले."

"ही वाळू हय खंयसून इली?"

"खंयसून म्हणजे? चाकां धुतंय मी रोज."

"खंय?"

"समुद्रार. रापण ओढून झाली की थंयच बालदी भरतंय आणि चारय चाकांर वततंय."

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांब जाळं. लिलावाला पहिलं पोचावं म्हणून मावशी गाडी थेट पाण्याच्या कडेला न्यायची, आणि निघताना त्याच पाण्याने, त्यातल्या वाळूसकट, चाकं धुवायची.

"खाऱ्या पाण्यान धुतंस?"

"मगे माशाची पाटी कोण गोड्या पाण्यान धुता?"

"पाटी नाय गो ती. चाक ता."

"मगे माशे बाजारात कोणी व्हेले? चाकांनीच मां?"

आमच्याकडे माशाला लागलेलं सगळं समुद्रातच धुतात. वास तिथेच जातो आणि विहिरीच्या काठावर घाण येत नाही. मीही लहानपणी तशाच पाट्या धुतल्या आहेत. गाडी घरी आली तेव्हा ती पाट्यांच्याच हिशेबात गेली, एवढंच.

मी झुबका पुसला, जुन्या टूथब्रशने दात्यांमधला गंज काढला आणि सेन्सर परत बसवला. आता चाकं विहिरीच्या पाण्याने धुवायची, हे मावशीला पटवायचं होतं. माशाचं पाणी स्वयंपाकघरामागच्या विहिरीजवळ सांडायला ती तयार होईना. शेवटी काकांनीच मार्ग काढला. "गाडी माडांमदी उभी कर आणि थंय धू. माज्या माडांक तरी पाणी मेळात." आणि पाण्याच्या कडेपर्यंत गाडी न्यायची नाही, रापण ओढणारी माणसं पाट्या वर आणून देतील, असं ठरलं.

संध्याकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर गेलो. मावशी चालवायला, मी शेजारी, काका मागे पाटी उपडी घालून तिच्यावर. गाडी थोडी चालल्यावर पिवळा दिवा विझला. मावशीने हळूहळू ब्रेक दाबून गाडी उभी केली. पायाखाली काही झालं नाही. पुन्हा केली, पुन्हा काही नाही.

"आता जोरात पळव आणि एकदम दाब."

तिने असा दाबला की काका पाटीसकट आमच्यापर्यंत आले. पेडल थरथरलं, जसं थरथरायला हवं तसं, आणि गाडी सरळ रेषेत उभी राहिली.

"बरो लागता ब्रेक," काका मागून म्हणाले. "माजो गुडघो सोडून."

रविवारी गिऱ्हाईक आलं. त्याने गाडी पाहिली, चालवून पाहिली, त्याला आवडली. त्याने काकांना विचारलं. काका माडांकडे बघत म्हणाले, "गाडी बायलेची आसा. तिका इचार." मावशीने त्याला चहा दिला, आणि ताजे बांगडे घरी न्यायला दिले. गाडी दिली नाही.

कोल्हापूरला परतल्यावर मी तिला पत्र लिहिलं. ती फोनवर सांगितलेलं विसरते, पण कागदावरचं अक्षर लावून वाचते आणि काकांनाही वाचून दाखवते.

"मावशी,

सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेले बांगडे इथे शेजाऱ्यांनीच संपवले.

गाडीबद्दल तीन गोष्टी लिहितो. चावी फिरवल्यावर पिवळा दिवा लागणारच, गाडी चालू केल्यावर तो विझला पाहिजे. वाटेत नुसता पिवळा लागला तर घाबरू नको. साधे ब्रेक चालतात, फक्त पुढच्या गाडीपासून लांब राहा, हळू चालव आणि मला कळव. पण त्याच्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला तर जिथे असशील तिथे गाडी कडेला घे आणि पुढे जाऊ नको, मासे गेले तरी चालतील.

मी नोकरीवर लागलो तेव्हा तू सगळ्यांना सांगितलंस, आमचा मुलगा मशिनी दुरुस्त करतो. माझं काम तसं नाही, मी तिथे बहुतेक वेळ कागदच बघतो. पण त्या शनिवारी तुझं म्हणणं खरं झालं, याचा मला फार आनंद आहे. शिकलेलं तुझ्या उपयोगी पडावं असं मनात होतं, ते तुझ्यासमोर बोलता येत नाही म्हणून लिहितो.

कणकवलीपुढच्या नांदगावच्या बाजाराला एकटी जायचं म्हणत होतीस. जा. काका येतो म्हणाले तर शेजारी बसव, आणि पट्टा लावायला सांग."