न चाखलेली रीसलिंग

दुकान बंद झालं की माल संपतो, पण किस्से गोदामात पडून राहतात. आणि मजा अशी, की त्यांना गिऱ्हाईक तेव्हाच मिळतं! बेळगावच्या कॅम्पातलं आमचं दुकान जाऊन बरीच वर्षं झाली. तरी चार जुनी माणसं चहाला बसली की कोणीतरी म्हणतंच, "म्हादबा, ती रॉकेलची गोष्ट सांगा की!" एक सांगायला जावं तर तिच्या पदराला धरून दुसरी येते. तेव्हा आज सगळ्याच सांगून टाकतो.

दुकान आप्पांचं. आप्पा निपाणीकडचे जैन. दिवस मावळायच्या आत जेवणारे, कांदा-बटाटा न खाणारे, पाणी गाळून पिणारे. आणि विकायचे काय, तर गोऱ्या साहेबांना वाइन!

हे कसं झालं? एका म्हाताऱ्या पारशानं मुंबईला जाताना दुकान विकायला काढलं आणि आप्पांनी ते बिस्किटं, जॅम आणि साबणासाठी घेतलं. बाटल्या आतच होत्या. पुढं कळलं, की मिलिटरीच्या मेसची ऑर्डर येते ती बाटल्यांसाठी, बिस्किटं नुसती तिच्या मागून येतात. बाटल्या बंद केल्या तर दुकानच बंद! शेवटी आप्पांच्या आईनं तोड काढली. "इकायचं तर इक बाबा. पर एक थेंब जरी जिभंला लागला, तर आपल्या पद्मीला जैनाच्या घरात कोन करून घेनार न्हाय, ध्येनात ठेव."

पद्मा म्हणजे आप्पांची एकुलती एक लेक. तिच्यावर त्यांचा भारी जीव. आप्पांनी तिथल्या तिथं शपथ घेतली आणि आम्हा दोघा नोकरांनाही घातली. एक मी, काकतीजवळच्या खेड्यातला शेतकऱ्याचा पोरगा. दुसरा इनास, गोव्याचा ख्रिस्ती, कणकुंबीच्या वाटेनं चालत बेळगावला आलेला.

"दुकानात कुनी चाखायचं न्हाय," आप्पा म्हणाले.

"आणि दुकानाबाहेर?" इनासनं विचारलं.

"ते तुझं आनि तुझ्या देवाचं!"

*

आता न चाखता माल ओळखायचा कसा? आप्पा बाटलीच्या अंगलटीवरून ओळखायचे. खांदे रुंद असलेली ती लाल. आणि उंच, सडपातळ, लांब मानेची दिसली की ती जर्मनीची पांढरी. तिच्यात पुन्हा दोन जाती, एक हिरव्या काचेची आणि एक तपकिरी काचेची. साहेब लोक दोन्हींना सरसकट 'हॉक' म्हणायचे.

एकदा मेसच्या म्हाताऱ्या कर्नलनं आप्पांना समजावलं, की दोन्हींच्या आत द्राक्ष एकच, रीसलिंग. नदी वेगळी म्हणून बाटलीचा रंग वेगळा.

आप्पांनी दोन्ही बाटल्या शेजारी-शेजारी ठेवून बराच वेळ निरखल्या. मग मला म्हणाले, "म्हंजे भन एकच, सासर दोन!"

त्या दिवसापासून हिरवीला आम्ही धाकटं सासर म्हणायचो आणि तपकिरीला थोरलं. इनास गोदामातून ओरडायचा, "आप्पा, थोरल्या सासरच्या किती देऊ?"

*

गिऱ्हाईक विचारायचं, "चव कशी आहे?" पहिल्यांदा आप्पा नुसती किंमत सांगायचे. मग त्यांनी एक युक्ती काढली. बाटली नेलेलं गिऱ्हाईक परत आलं, की तेच उलटं विचारायचे, "कशी लागली, सर?"

एक मडम म्हणाली, हिरव्या सफरचंदासारखी. सफरचंद आप्पांनी कधी खाल्लेलं नव्हतं. त्यांनी त्याचा कच्चा आंबा केला. पाद्री म्हणाला, शेवटी मध लागतो. एक डॉक्टर म्हणाला, पाऊस पडून गेल्यावर दगडाला येतो तसा वास. आप्पांनी सगळं डोक्यात साठवलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला डोळे मिटून ऐकवलं, "फस्ट ग्रीन मँगो, सर. देन वेट स्टोन. लास्ट, हनी!"

साहेब खलास! गावभर बोभाटा झाला, की कॅम्पातल्या आप्पांसारखी जीभ मुंबईतही नाही. एक नवा कॅप्टन तर मुद्दाम हात मिळवायला आला. म्हणाला, "अशी जीभ कशी कमावलीत?"

आप्पा म्हणाले, "सर, टंग पब्लिक. शॉप माइन!"

पण बोभाटा कॅम्पात थांबला नाही. तो चिकोडीला गेला. पद्माचं तिथं जवळजवळ ठरलेलं स्थळ होतं. मुलाकडच्यांचा निरोप आला, की जो माणूस चव इतकी अचूक सांगतो तो पीत नाही, हे आम्हाला कोणी सांगू नये. स्थळ मोडलं. मला फार वाईट वाटलं. ज्या माणसानं थेंब चाखला नाही, त्याची लेक चवीपायी घरी बसायची!

*

आता ती रॉकेलची गोष्ट. पारशाच्या वेळच्या काही जुन्या रीसलिंग गोदामात तळाला पडून होत्या. त्यातली एक मेसमध्ये गेली आणि तासाभरात बटलर ती उघडी बाटली नाचवत परत आला. "वास घ्या! रॉकेल आहे यात!"

आप्पांनी लांबूनच वास घेतला. रॉकेलच! आम्ही रॉकेल विकायचोही. डबे गोदामातच असायचे. संशय सरळ इनासवर गेला.

"कंदील भरताना सांडलंस न्हाय का रं?"

"शपथ आप्पा, थेंब सांडला नाही!"

आप्पांनी रॉकेलचे डबे अंगणापलीकडे नेऊन ठेवले. इनासकडून गोदामाची फरशी घासून घेतली. दुसरी बाटली गेली. तीही परत! आप्पांनी रॉकेल विकणंच बंद केलं आणि फरशी पुन्हा घासायला लावली. तिसरी बाटली गेली, आणि या वेळी बटलरऐवजी कर्नलसाहेब स्वतः गाडीतून उतरले. मेसची ऑर्डर गेली, असंच आम्ही धरून चाललो.

कर्नलनं विचारलं, "अशा किती आहेत?"

"सर, ऑल थ्रो," आप्पा हात जोडून म्हणाले.

"फेकता काय? सगळ्या माझ्या बंगल्यावर पाठवा!"

मग उलगडा झाला. रीसलिंग म्हातारी झाली की तिला असाच वास येतो म्हणे, आणि जाणकार लोक त्याच वासासाठी जीव टाकतात!

इनास कंबर धरून उभा होता. म्हणाला, "आप्पा, मग माझ्या फरशीचं काय?"

खरी गंमत पुढंच झाली. कर्नलचं बघून मेसचे सगळे पोरसवदा साहेब जाणकार झाले. महिन्याभरात एक लेफ्टनंट नवीकोरी बाटली घेऊन तक्रार करत आला, "हिला रॉकेलचा वास का येत नाही?"

*

कर्नलला बागेचा नाद होता. त्यानं कुठूनशी रीसलिंगची काडी मागवली आणि मला दिली. "तुझ्या शेतात लाव."

लावली. बेळगावचा पाऊस म्हणजे काय विचारता! वेलाला पानं आली, पानांना बुरशी आली, आणि आमच्या बाबांना राग आला. ती जागा मिरच्यांची होती. तरी वेल जगला आणि एका उन्हाळ्यात त्याला एक घोस लागला. बारीक, हिरवा, वाटाण्याएवढ्या मण्यांचा. बाबांनी एक मणी तोंडात टाकला आणि एक डोळा गच्च मिटला.

"ह्येच्यापायी लोक बंगले बांधत्यात व्हय रं?"

आईनं मात्र वाया जाऊ दिलं नाही. लसूण-मिरची घालून तिनं सगळ्या घोसाची चटणी वाटली. दुसऱ्या दिवशी कर्नल घोड्यावरून वेल बघायला हजर! घोस कुठाय, म्हणून विचारलं. आता काय सांगणार? आईनं गुपचूप भाकरीवर चटणी घालून त्याच्या पुढं केली.

साहेबानं खाल्ली. नाकातोंडातून पाणी आलं. मी म्हटलं, आता नोकरी गेली. तर तो आईला म्हणतो, "रीसलिंगचा इतका चांगला उपयोग जर्मन लोकांनाही सुचला नाही!" आणि दुसरी भाकरी मागितली.

*

पुढं जर्मनीशी लढाई सुरू झाली. एका देशभक्त कॅप्टननं भर दुकानात बजावलं, "शत्रूची दारू पुन्हा काउंटरवर दिसता कामा नये!" आप्पांनी सगळ्या बाटल्या आत नेल्या. संध्याकाळी मागच्या दाराशी टकटक झाली. तोच कॅप्टन!

"बाटलीवरची जर्मन चिठ्ठी खरवडून दोन द्या," तो हळूच म्हणाला.

*

आता शेवटची. ही लढाईच्या आधीची, पण ही सांगितल्यावर दुसरं काही सांगावंसं वाटत नाही, म्हणून मागं ठेवली.

चिकोडीचं स्थळ मोडल्यावर पद्माला निपाणीहून दुसरं आलं. तंबाखूची वखार, घर मोठं, मुलगा सालस. पद्माला तो आवडला होता, आणि तसं तिनं आजीला सांगितलंही होतं. मुलाचे वडील, त्यांना सगळे अण्णा म्हणत, फार कडक. त्यांच्याही कानावर बोभाटा गेलेला. म्हणाले, मी स्वतः दुकानात येऊन बसतो, मग काय ते ठरवतो.

आप्पांनी सकाळीच आम्हाला ताकीद दिली. "आज चवीचं एक अक्षर काढायचं न्हाय. कुनी इचारलं तर आपल्याला काय बी ठाव न्हाय!"

अण्णा आले ते घरचं गाळलेलं पाणी तांब्यात घेऊन. खुर्चीवर ताठ बसले. दोघांचं कानडीत बोलणं सुरू झालं. आमच्याकडं लग्नाची बोलणी निम्मी कानडीत व्हायची. जरा रंग भरतोय, तोवर मेसचा कॅप्टन आत आला.

"आप्पा, आज जनरलसाहेबांचं जेवण आहे. माशाबरोबर कोणती रीसलिंग देऊ?"

आप्पा म्हणाले, "नो आयडिया, सर."

कॅप्टन बघतच राहिला. "परवा तर तुम्ही मला अर्धा तास सांगत होता!"

तंबाखूच्या व्यापारात अण्णांना बोलता नाही, तरी इंग्रजी कळायला लागलेलं. त्यांची मान हळूहळू आप्पांकडं वळली. आप्पांच्या टोपीखालून घाम ओघळायला लागला.

"नो, सर. मी नो टॉक."

"बरं, एवढं तरी सांगा," कॅप्टन चिडून म्हणाला. "मागच्या वेळी सकाळपासून बर्फात ठेवली होती. संध्याकाळी नुसत्या पाण्यासारखी लागली. असं का झालं? सांगणार नसाल तर मी ऑर्डर समोरच्या दुकानात देतो."

आप्पांनी एकदा कॅप्टनकडं पाहिलं, एकदा अण्णांकडं. एकीकडं दुकान आणि एकीकडं पद्मा. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मान हलवली. "नो आयडिया."

कॅप्टन वळला. दारापर्यंत गेलासुद्धा. इतक्यात खुर्चीवरून आवाज आला.

"आप्पा, सायबास्नी सांगा की, गार करा, पर लई गार करू नका. वास मरतोय तिचा."

इनासनं इंग्रजीत सांगून टाकलं. कॅप्टन परत आला, अण्णांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला, नेहमीच्या दुप्पट ऑर्डर दिली आणि गेला. अण्णा तांब्याकडं बघत बसले.

आप्पांनी खुर्ची ओढली, त्यांच्या अगदी जवळ बसले आणि हळूच विचारलं, "मग साखरपुडा कवा करायचा म्हंतासा, अण्णा?"

"तुमी म्हनशीला तवा," अण्णा म्हणाले.